नागपुरातील प्रौढांचा कथक वर्ग : चौदा महिन्यांनंतरचा अभिप्राय

दक्षिण-पश्चिम नागपुरात, खामला बाजारापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर हा वर्ग भरतो. त्याला पाटी नाही. फाटकाला तारेने बांधलेल्या लॅमिनेट केलेल्या कागदावर ‘कथक, प्रौढांसाठी स्वतंत्र बॅच, वयाची अट नाही’ एवढेच लिहिलेले आहे. परिसरातील लोक त्याला ‘ताईंचा क्लास’ म्हणतात, आणि शिकवणाऱ्या ताईंना स्वतःच्या नावाचा गाजावाजा आवडत नसल्यामुळे मीही येथे तेच नाव वापरतो. वर्ग आठवड्यातून दोनदा असतो, बुधवारी संध्याकाळी सात ते आठ आणि रविवारी सकाळी साडेसात ते साडेआठ. शुल्क महिन्याला १,२०० रुपये असून ते तीन महिन्यांचे एकदम आगाऊ घेतले जाते.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस वर्तमानपत्रात घालून आलेल्या या वर्गाच्या पत्रकावर तीन दावे ठळक अक्षरांत छापलेले होते : नृत्याने वजन घटते, स्मृतिभ्रंश टळतो आणि मनावरचा ताण नाहीसा होतो. पत्रक माझ्या पत्नीने जपून ठेवले आणि जूनमध्ये प्रवेशही तिनेच घेतला. माझे काम तिला स्कूटरवरून नेऊन सोडण्याचे आणि तासभर पोर्चमधील बाकावर बसून राहण्याचे होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला बाकावर बसण्याची सवय असतेच, त्यामुळे सहा आठवडे ही व्यवस्था सुरळीत चालली. सातव्या आठवड्यात ताई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “काका, तुम्ही इथं बसून पाय हलवून राहिले, तर आत येऊनच हलवा ना.” माझा पाय हलत होता हे मला त्यांनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. अशा रीतीने वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, बारा स्त्रियांच्या वर्गात एकटा पुरुष म्हणून, मी दाखल झालो. तेव्हापासून चौदा महिने झाले आहेत, आणि पत्रकावरील दाव्यांचे काय झाले हे आता लिहिता येईल असे वाटते.

आधी शिकवण्याच्या पद्धतीविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण या वर्गाचे खरे बळ तेथेच आहे. पहिले पाच आठवडे ताईंनी तत्काराखेरीज काहीही शिकवले नाही. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ या आठ बोलांवर आठ वेळा पाय टाकायचे, आणि तीनतालाच्या सोळा मात्रांत ते दोनदा पूर्ण करायचे, एवढीच ती गोष्ट आहे. ऐकायला ती सोपी वाटते. अडचण अशी की पहिल्या चार बोलांत पाय उजवा, डावा, उजवा, डावा असे पडतात आणि पुढल्या चार बोलांत डावा, उजवा, डावा, उजवा असे पडतात, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या बोलाला डावा पाय लागोपाठ दोनदा आपटावा लागतो आणि आठव्यावरून पुन्हा पहिल्यावर येताना तीच पाळी उजव्या पायावर येते. जन्मभर एकाआड एक पाय टाकत चाललेल्या शरीराला हे मान्य नसते. ‘तत्’ पडला की उजवा पाय आपोआप उचलला जातो, त्याला तेथेच थोपवावे लागते, आणि तो थोपवण्याच्या नादात ‘आ’ची मात्रा निघून जाते. आमच्या बॅचमधील एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांनी आयुष्यभर मुलांकडून कवायत करून घेतली, त्या याच जागी महिनाभर अडकल्या होत्या. मी सात आठवडे अडकलो होतो.

ताईंनी यावर काढलेला उपाय मला फार आवडला. त्यांनी पाय थांबवले आणि आम्हांला गोल बसवून हाताने टाळ्या देत बोल म्हणायला लावले. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे हात उलटा. कथकात याला पढंत म्हणतात. तोंडाने बोल, हाताने ताल आणि डोळ्यांसमोर न टाकलेला पाय, असे आठ दिवस केल्यावर आम्ही उभे राहिलो तेव्हा अर्ध्याअधिक जणांचा डावा पाय बरोबर दोनदा पडला. मुलांना शिकवताना नक्कल पुरते, प्रौढांना आधी समजावे लागते, आणि हा फरक जाणणारे शिक्षक थोडे असतात. घुंगरू आम्हांला चौथ्या महिन्यात मिळाले, प्रत्येक पायाला पन्नास, तेही बर्डीवरच्या वाद्यांच्या दुकानातून ज्याने त्याने आपापले आणायचे होते. घुंगरू बांधल्यावर कळते की आतापर्यंतच्या चुका निदान शांत होत्या.

आता वजनाचा दावा. प्रवेश घेतला तेव्हा माझे वजन ७८ किलो होते आणि आज ७७ आहे. हा एक किलो कथकाने घटवला की मे महिन्यातील उन्हाने, हे सांगणे कठीण आहे. मी दोन-तीन वेळा घड्याळ लावून पाहिले, तर साठ मिनिटांच्या तासात प्रत्यक्ष पाय हलतात ती मिनिटे पस्तीस ते चाळीस भरतात. उरलेला वेळ समजावण्यात, पढंतीत आणि घुंगरू सोडण्या-बांधण्यात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला मध्यम तीव्रतेची १५० ते ३०० मिनिटांची शारीरिक हालचाल करावी. दोन तासांच्या वर्गातून ऐंशी मिनिटे निघत असतील तर नुसत्या वर्गाने हा आकडा गाठला जात नाही. घरी रोज दहा-बारा मिनिटे तत्कार केला तरच तो गाठतो, आणि ताई ते सांगतातही, परंतु पत्रकात ते लिहिलेले नाही. शिवाय रविवारी वर्ग सुटल्यावर आमच्यापैकी सात-आठ जण कोपऱ्यावरच्या टपरीवर तर्री-पोहे खातात आणि वरून आणखी तर्री मागून घेतात. त्याचा दोष नृत्याला देता येणार नाही.

दमसासाबाबत मात्र फरक स्पष्ट आहे. व्यायामाची तीव्रता ओळखण्याची एक साधी खूण डॉक्टर सांगतात : बोलता येते पण गाता येत नाही, ती मध्यम तीव्रता, आणि दोन शब्द बोलून श्वास घ्यावा लागतो, ती जोरकस. सुरुवातीला ठाह लयीच्या, म्हणजे मूळ संथ गतीच्या, दुप्पट गतीत, म्हणजे दुगुणीतच, माझी वाचा बंद होत असे. आता दुगुण करताना मी बोल म्हणू शकतो आणि चौगुणीत गप्प होतो. चौगुण म्हणजे काय हे आकड्यात सांगतो, कारण पुढे टाचेच्या प्रकरणात तो आकडा लागणार आहे. लेहरा, म्हणजे तालाची आवर्तने दाखवत सतत वाजणारी धून, मिनिटाला साठ मात्रांच्या गतीने वाजत असेल तर सोळा मात्रांचे आवर्तन सोळा सेकंदांत संपते, आणि चौगुणीत तेवढ्या वेळात पाय चौसष्ट वेळा जमिनीवर पडतो.

शरीराला झालेला सर्वांत मोठा लाभ पत्रकात छापलेलाच नाही, आणि तो म्हणजे तोल. चौदा महिन्यांपूर्वी मला पायजमा घालताना भिंतीला हात लावावा लागत असे. आता लावावा लागत नाही. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण साठीनंतर पडणे आणि पडून खुब्याचे हाड मोडणे हे काय प्रकरण असते ते ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना ती क्षुल्लक वाटणार नाही. आपला तोल तीन ठिकाणांहून सांभाळला जातो : डोळे, आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका, आणि पावले, घोटे, गुडघे यांतील स्नायू व सांधे, जे शरीर कोठे झुकले आहे याची खबर मेंदूला देत राहतात. वय वाढते तशी तिन्ही ठिकाणची खबर मंदावते. सपाट रस्त्यावर सरळ चालल्याने या तिघांची फारशी कसोटी लागत नाही. एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन झटकन टाकणे, वळणे, थांबणे आणि पुन्हा वळणे यांनी ती लागते. ६५ वर्षांवरील लोकांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणाऱ्या हालचाली कराव्यात, असे वर उल्लेखिलेल्या सूचनांमध्ये वेगळे सांगितले आहे ते यासाठीच.

चक्कर शिकताना हे सारे उघडे पडते. डाव्या टाचेवर वजन घेऊन स्वतःभोवती फिरायचे आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नेमके समोर तोंड करून थांबायचे. पहिल्या दिवशी मी एका चक्करीनंतर खिडकीचा गज धरला. आतल्या कानातील नलिकांमधला द्रव आपण थांबल्यावरही क्षणभर फिरतच राहतो, म्हणून खोली फिरल्यासारखी वाटते. ताईंनी आरशावर सर्वांच्या डोळ्यांच्या उंचीवर एक लाल टिकली चिकटवली आहे. अंग वळू लागले तरी नजर टिकलीवर खिळवून ठेवायची, मान आणखी वळेनाशी झाली की डोके झटक्यात फिरवून अंगाच्या आधी पुन्हा टिकली गाठायची. यामुळे डोके सलग गरगरत नाही, प्रत्येक फेरीत काही काळ स्थिर राहते आणि घेरी आवरते. ती टिकली साध्या पाकिटातली आहे, दर दोन-तीन आठवड्यांनी पडते, आणि पडली की आमच्यातील कोणीतरी स्वतःच्या कपाळावरची काढून तेथे लावते.

या धड्याच्या वेळी एक गंमत झाली. वर्गातील सर्वांत वयस्कर सदस्य, यवतमाळकडच्या एक काकू, इतर सर्वांच्या आधी चक्कर घेऊ लागल्या. विचारले तर म्हणाल्या, “मी फुगड्या कमी घातल्या का बाप्पा!” फुगडीत दोघी हातांची फुली घालून एकमेकींना धरतात, पावले मधोमध जवळ ठेवतात आणि पाठ मागे टाकतात; दोघींचे वजन एकमेकींना पेलते, आणि जितके मागे झुकावे तितका वेग वाढतो. काकूंच्या कानाला आणि घोट्यांना गरगर फिरण्याची ओळख लहानपणापासून होती. नंतर मात्र त्याही अडल्या, कारण कथकाच्या चक्करीत समोर कोणी नसते, मागे झुकले की माणूस पडतोच. सवयीने त्या पाठ टाकत आणि ताई त्यांच्या पाठीशी हात धरून उभ्या राहत. भुलाबाईच्या दिवसांत महिनाभर आणि मंगळागौरीला रात्रभर जे व्यायाम आमच्या आई-मावश्या करीत, ते बंद झाल्यावर आपण त्यांचेच शुल्क भरतो आहोत, असा विचार तेव्हा मनात आला. पण भुलाबाईत मला कोणी घेतलेही नसते.

टाचेची तक्रार आता सविस्तर नोंदवतो. वर्गाची खोली मोठी आणि हवेशीर आहे, आरसे चांगले आहेत, परंतु जमीन काँक्रीटवर बसवलेल्या गुळगुळीत टाइल्सची आहे. कथकात पाय सपाट आणि जोराने आपटला जातो, तोही अनवाणी. चौगुणीची दहा आवर्तने केली की जेमतेम पावणेतीन मिनिटांत सहाशे चाळीस आघात होतात, आणि काँक्रीट त्यांतील काहीही स्वतःकडे घेत नाही. खाली पोकळी ठेवून बसवलेली लाकडी जमीन किंचित दबते आणि धक्का शोषते, म्हणूनच रंगमंचाची जमीन लाकडी असते. पाचव्या महिन्यात सकाळी उठून पहिले पाऊल टाकताना माझी उजवी टाच ठणकू लागली. फिजिओथेरपिस्टने तळव्याच्या पडद्याला सूज असल्याचे सांगितले, तीन आठवडे पाय आपटणे बंद करायला लावले आणि पोटऱ्या ताणण्याचे व्यायाम दिले. दुखणे गेले. परंतु याच काळात आणखी दोघींना तोच त्रास झाला, तेव्हा हा माझ्या एकट्याच्या टाचेचा दोष नव्हता. वर्गाने जाड रबरी चटया आणून पाहिल्या, पण त्यांवर घुंगरांचा नाद बसतो आणि टाच अडकून चक्करीत गुडघा मुरगळण्याची भीती असते, म्हणून त्या पुन्हा गुंडाळून ठेवल्या. शुल्क आगाऊ घेणाऱ्या वर्गाने जमिनीची व्यवस्था आधी करायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्ग सुरू होण्याआधी पोटऱ्या आणि तळवे मोकळे करण्याची पाच मिनिटे आमच्या तक्रारीनंतर सुरू झाली. ती पहिल्या दिवसापासून हवी होती.

गुडघ्यांविषयी मला अनेक जण विचारतात, म्हणून एवढे सांगतो की कथक सरळ उभे राहून करायचे नृत्य आहे. भरतनाट्यमात गुडघे बाहेर वळवून अर्धे बसून, म्हणजे अरमंडीत, बराच वेळ काढावा लागतो आणि मांड्या बळकट नसतील तर तो भार गुडघ्यांवर येतो. पन्नाशीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्याला त्या दृष्टीने कथक सोयीचे आहे, फक्त त्याची किंमत टाच मोजते. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय येऊ नये. ताई स्वतःही त्यांना चिठ्ठी आणायला सांगतात, हे नमूद केले पाहिजे.

स्मृतिभ्रंश टळतो, हा पत्रकातील दावा मला सर्वांत आक्षेपार्ह वाटतो, आणि ते मी ताईंना सांगितलेही आहे. त्याचा उगम बहुधा २००३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असावा. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील ७५ वर्षांवरील ४६९ लोकांच्या फावल्या वेळातील सवयींची त्यात नोंद घेतली होती आणि सुमारे पाच वर्षे त्यांचा मागोवा ठेवला होता. त्यांतील १२४ जणांना पुढे स्मृतिभ्रंश झाला. वाचन, पटावरचे खेळ आणि वाद्य वाजवणे यांच्याशी कमी धोका जोडलेला दिसला, आणि अकरा शारीरिक हालचालींपैकी नृत्य ही एकच अशी निघाली की जिच्याबाबत तसेच आढळले. हे लक्षणीय आहे यात शंका नाही. परंतु नाचल्यामुळे मेंदू शाबूत राहिला, की ज्यांचा मेंदू शाबूत होता तेच नाचत राहिले, हे अशा निरीक्षणातून ठरत नाही. स्मृतिभ्रंशाची लक्षणे दिसू लागण्यापूर्वी कित्येक वर्षे माणूस एकेक छंद सोडू लागतो. त्यामुळे ‘टळतो’ हे क्रियापद पत्रकावरून काढून टाकावे. नव्या पत्रकात ताईंनी ‘मेंदूला चालना मिळते’ असे लिहिले आहे, आणि त्यावर माझी हरकत नाही, कारण तेवढे मी स्वतः अनुभवले आहे. सोळा मात्रांत तिहाई, म्हणजे तीनदा घेऊन समेवर संपवायचा बोलांचा तुकडा, बसवायची असेल तर तोंड, हात आणि पाय यांचे तीन वेगवेगळे हिशेब एकाच वेळी ठेवावे लागतात, आणि समेवर येण्याच्या आधीच्या दोन मात्रांत डोक्यात दुसरे काहीही मावत नाही.

ताणाबाबतचे माझे निरीक्षण याच्याशीच जोडलेले आहे. वर्गातून बाहेर पडल्यावर माझ्या काळज्या जशाच्या तशा पोर्चमध्ये वाट पाहत असतात, त्या नाहीशा होत नाहीत. मात्र तासाभरात त्या आत येऊ शकत नाहीत. सकाळी अंबाझरीच्या काठाने फिरताना मी पंचवीस वर्षे त्याच त्या चिंता पायांबरोबर चालवत आलो. चालणे आपोआप होते, म्हणून मन मोकळे राहते आणि मोकळे मन काळज्यांकडेच जाते. तत्कारात ती मोकळीक नाही. कोणी याला ध्यान म्हणेल. मला ते दफ्तरात हिशेब जुळवण्यासारखे अधिक वाटते, आणि माझ्यासारख्याला त्याचाच आराम मिळतो.

सामाजिक लाभाविषयी पत्रकात एक अक्षर नाही, आणि या वर्गात मला सर्वांत मोलाचे जे मिळाले ते तेथेच. आपल्याकडे पुरुषाने नाचायचे ते वरातीत, मारबतीच्या मिरवणुकीत नाहीतर विसर्जनाला, आणि तेही दहा जणांनी ओढून नेल्यावर. चहाच्या ठेल्यावरील माझ्या मित्राला बातमी कळली तेव्हा त्याने चार लोकांत विचारले, “ह्या वयात नाचून राहिला का बे तू?” मी हो म्हणालो. त्याने पुढे काही दिवस मला पाहिले की बोटांनी मुद्रा करून दाखवल्या. वास्तविक कथकाची घराणी चालवणारे बहुतेक गुरू पुरुषच होते, आणि बिरजू महाराज तर २०२२ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी, निवर्तले तोवर देशभर या नृत्याची ओळख बनून राहिले होते. परंतु ठेल्यावर हा मुद्दा चालत नाही. वर्गातील संबोधनांचाही आधी मला संकोच वाटे. तिशीतील शिक्षिकेला साठीतील लोकांनी ‘ताई’ म्हणायचे आणि तिने आम्हांला काका-काकू म्हणून दरडावायचे, ही व्यवस्था विचित्र वाटते, पण ती फार सोयीची आहे, कारण ‘काका, तुमचा डावा पाय झोपला आहे’ असे एखाद्या तरुण मुलीने मान राखून सांगितले की राग येत नाही.

आमच्या बॅचमध्ये गेल्या दिवाळीनंतर एक बाई आल्या. त्यांचे यजमान जाऊन चार महिने झाले होते. डॉक्टरांनी घराबाहेर पडायला सांगितले होते, पण वर्ष झाले नसताना नाचणे सासरच्यांना पटणार नव्हते आणि त्यांच्या स्वतःच्याही मनाला पटत नव्हते. त्यांनी ताईंना विचारले, मी फक्त बसून म्हटले तर चालेल का? ताईंनी त्यांना हातात टाळ दिले आणि लेहऱ्याशेजारी बसवले. तीन महिने त्या प्रत्येक तासाला बसून पढंत करीत होत्या आणि आम्ही त्यांच्या आवाजावर नाचत होतो. त्यांचा ताल आमच्या सगळ्यांपेक्षा पक्का झाला. फेब्रुवारीतील एका रविवारी मात्रा मोजता मोजता त्या उठून मागच्या रांगेत उभ्या राहिल्या, आणि त्या दिवशी टाळ वाजवायला कोणी नसल्यामुळे आमचा सर्वांचा चौगुण विस्कटला. कोणीही काही बोलले नाही. ताई फक्त म्हणाल्या, “पुन्हा, ठाहपासून.”

एकत्र लयीत हलल्याने माणसे जवळ येतात, हा निव्वळ भावनेचा भाग नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये ब्राझीलमधील शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात मुलांना कधी एकाच लयीत तर कधी वेगवेगळ्या हालचालींनी नाचायला लावले, आणि आधी-नंतर रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडावर आवळून ती किती दुखणे सहन करतात हे पाहिले. दमछाक करणारे नृत्य आणि एका लयीतील नृत्य, या दोन्हींनी स्वतंत्रपणे दुखणे सोसण्याची मर्यादा वाढलेली आढळली, आणि सोबत नाचलेल्यांविषयीची जवळीकही वाढलेली होती. शरीरात तयार होणारी वेदनाशामक द्रव्ये, म्हणजे एंडॉर्फिन, याच्या मुळाशी असावीत असा त्यांचा तर्क आहे. आमच्याकडे पट्टा नाही, पण तापामुळे मी दोन बुधवार गेलो नाही तेव्हा रात्री नऊच्या आत तीन फोन आले आणि तिन्हींचा पहिला प्रश्न एकच होता : “काका, काऊन नाही आले?” नोकरीतील छत्तीस वर्षांत माझी रजा अशी कोणी मोजली नव्हती.

आणखी काही उणिवा थोडक्यात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेल्यावर संध्याकाळचा वर्ग पहाटे सहाला घेतला जातो, हे योग्यच आहे, परंतु त्या खोलीतील लोखंडी कूलर इतका घरघरतो की मोबाइलवरचा लेहरा ऐकू येत नाही आणि सम कूलरच्या पंख्यात हरवते. बुधवारी आमच्या आधी लहान मुलांची बॅच असते, ती वेळेवर सुटत नाही आणि आमची दहा मिनिटे हमखास जातात. जानेवारीतील वार्षिक कार्यक्रमासाठी पोशाखाचे २,५०० रुपये प्रत्येकाकडून घेतले गेले, ज्यांना मंचावर जायचे नव्हते त्यांनाही नकार देताना अवघडल्यासारखे झाले, आणि माझ्या मापाचा अंगरखा कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मिळाला तो खांद्यात दोन बोटे आखूड होता. कार्यक्रम ऐच्छिक असल्याचे आधीच लेखी सांगावे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना, प्रारंभिकपासून पुढे विशारदपर्यंत, बसण्याचा आग्रह मात्र येथे होत नाही. ज्यांना बसायचे आहे त्यांची तयारी वेगळी करून घेतली जाते, आणि ही भूमिका मला पसंत आहे.

हा वर्ग कोणासाठी नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्यांना मुख्यतः घाम गाळायचा आणि वजन उतरवायचे आहे त्यांनी झुंबाला जावे. माझी सून जाते. कोलंबियातील एका प्रशिक्षकाने एरोबिक्सच्या तासाला नेहमीची टेप आणायला विसरल्यामुळे जवळच्या साल्सा-मेरेंगेच्या कॅसेटवर वेळ मारून नेली आणि त्यातून तो प्रकार निघाला, असे सांगतात. त्यात पहिल्या दिवसापासून पन्नास मिनिटे सलग हालचाल होते आणि चूक कोणाला दिसत नाही. ज्यांना फक्त नवरात्रात चार दिवस मजा करायची आहे त्यांच्यासाठी ऑगस्टपासून शहरभर गरब्याचे वर्ग निघतात. येथे पहिले पाच आठवडे एकाच जागी उभे राहून आठ बोल घोटावे लागतात, आणि मी पाहिलेल्या तीन नव्या तुकड्यांतील निम्मे लोक त्याच काळात गळाले.

पाचपैकी साडेतीन तारे मी देतो. अर्धा तारा जमिनीसाठी, अर्धा कूलर आणि पोशाख यांसाठी, आणि अर्धा जुन्या पत्रकासाठी कापला आहे. लाकडी जमिनीचे अंदाजपत्रक सुताराकडून आले असून काम दिवाळीच्या सुटीत होईल असे ताईंनी गेल्या रविवारी सांगितले आहे. ते झाल्यास मी या अभिप्रायात दुरुस्ती करीन. नवी बॅच दसऱ्यानंतरच्या बुधवारी सुरू होते. येणाऱ्यांनी पहिल्या दिवशी घुंगरू विकत घेऊन येऊ नये, ढगळ सलवार किंवा पायजमा घालावा, आणि सोबत आलेल्यांसाठी पोर्चमधील बाक आहे, पण त्यावर फार दिवस बसू देत नाहीत.